पंख माळ्यावर टाकू नकोस

प्रिय मावशी,

मी केरीची. फोंडा तालुक्यातलं केरी. सत्तरीतलं नव्हे, पेडण्यातलंही नव्हे. वय २३. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आठवीपासून जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिका, बघते. गेल्या महिन्यात पहिल्यांदा मुंबईला कॉनला, म्हणजे चाहत्यांच्या संमेलनाला जाऊन आले. दोन दिवसांचं तिकीट, कोकणकन्येने येणं-जाणं, कॉस्च्युम, खाणं-पिणं, सगळं धरून साडेअठरा हजार झाले. वर्षभर पगारातून बाजूला काढलेले.

तिथे आवडत्या पात्राचा वेश करून जातात, त्याला कॉस्प्ले म्हणतात. माझ्या कॉस्च्युमला पंख होते. दादाने आणि दिवाळीला नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्या वाड्यावरच्या पोरांनी तीन आठवडे रात्री जागून केले. आत बांबूच्या कामट्या, वर फोम. गाडीत बर्थवर पंख झोपले आणि मी रात्रभर कडेला बसून राहिले.

ज्या आवाज-कलाकारासाठी गेले होते, त्याच्या सहीसाठी वेगळे अडीच हजार भरले आणि तीन तास चाळीस मिनिटं रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा त्याने वर बघितलंसुद्धा नाही. माझं नाव चुकीचं लिहिलं, सही केली, पुढचा या. पंधरा सेकंद. ज्या चर्चेला बसायचं होतं तिचा हॉल मी रांगेत असतानाच भरून गेला. स्टॉलवरून दोन छोट्या मूर्ती घेतल्या, घरी येऊन बघते तर एकीचा हात निखळलेला.

चांगलंही झालं. उजव्या पंखाची कामटी निसटली म्हणून जिन्याखाली ग्लू गन लावून बसले होते. शेजारी एक मुलगा खांद्याचं चिलखत तुटलं म्हणून रडकुंडीला आलेला. त्याचं जोडून दिलं. मग आणखी एक आली, मग आणखी दोघं. दीड तास मी तिथेच. त्यातल्या चेन्नईच्या एका मुलाने गाव विचारलं. केरी म्हटल्यावर तो म्हणाला, "केसरबाईंचं केरी?" मला काय बोलावं तेच सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो काढताना एका माणसाने माझ्या कमरेभोवती हात घातला आणि मग तो खाली नेला. मी थिजले. फोटोत मी हसतेय. हे कोणालाच सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगते. हसत होते म्हटल्यावर तक्रार कुठल्या तोंडाने करू?

परत येऊन तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस ताप-खोकला, आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाही. आई म्हणते, "गावच्या जत्रेला यायला तुला वेळ नाही, मुंबईच्या जत्रेत पैसे उधळून आलीस आणि वर तोंड पाडून बसलीस." पंख माळ्यावर टाकून दिलेत. पुढच्या वर्षी जाऊ, की हा नाद सोडू?

– पंखवाली, केरी

*

पंखवाली बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, ते का ते पुढे सांगते. आधी त्या हाताबद्दल बोलू. तू तो निखळलेल्या मूर्तीच्या आणि भरलेल्या हॉलच्या ओळीत बसवला आहेस, आणि त्याची जागा तिथे नाही. रांग, गर्दी, महागडी सही ही अशा ठिकाणची सुखदुःखं झाली. कुणीतरी तुझ्या अंगावरून हात फिरवला, हा गुन्हा झाला.

घाबरलं की माणूस ओरडतो नाहीतर पळतो, असं आपण धरून चालतो. तिसरंही होतं: अंग थिजतं, जीभ टाळूला चिकटते. तुझं तेच झालं. त्यात समोर कॅमेरा. फोटो म्हटला की हसायचं, हे आपल्या पोरींच्या तोंडात लहानपणापासून इतकं घट्ट बसवलेलं असतं की मन आत किंचाळत असलं तरी ओठ आपलं काम करून मोकळे होतात. त्या फोटोतलं हसू तुझ्या सवयीचं आहे. त्याला कुणी होकार म्हणू लागला तर मान खाली घालायची गरज तुला नाही.

हे फक्त तुझ्याच बाबतीत घडलं असंही समजू नकोस. न्यूयॉर्कच्या मोठ्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली जागोजागी मोठाले फलक लावावे लागले होते, अर्थ असा की वेश केला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. फोटो काढण्याआधी विचारा, हात लावण्याआधी विचारा. असे फलक लावावे लागले, म्हणजे तुझ्याआधी किती जणी थिजल्या असतील याचा विचार कर.

आता काय करता येईल ते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. नको असलेला लैंगिक स्पर्श तिच्या ७५ व्या कलमात लैंगिक छळ म्हणून येतो, आणि बळ वापरून केलेला विनयभंग ७४ व्या कलमात. घटना मुंबईत घडली म्हणून मुंबईलाच गेलं पाहिजे असं नाही. फोंड्याच्या पोलीस ठाण्यातही तक्रार घ्यावी लागते. ते ती शून्य क्रमांकाने नोंदवून मुंबईच्या ठाण्याकडे पाठवतात. जायचं की नाही हे तू ठरवायचं, आणि जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूने आहे. पण एक गोष्ट ठरवायला फार वेळ लावू नकोस. आयोजकांना ईमेल कर. तारीख, साधारण वेळ, हॉलचा कुठला भाग, त्या माणसाचे कपडे, फोटो कुणाच्या फोनवर निघाला, आठवेल तेवढं लिही, आणि त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असं स्पष्ट माग. हे चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, तीन आठवडे तर होऊनच गेलेत. कदाचित उशीर झाला असेल. तरी लिही. पुढच्या वर्षी दारात कोण उभं असावं, तक्रारीचं टेबल कुठे असावं, हे अशा पत्रांवरूनच ठरतं. आणि तो फोटो तुझ्याकडे असेल तर रागाने उडवून टाकू नकोस. डोळ्यांसमोर नको असेल तर दादाच्या किंवा एखाद्या मैत्रिणीच्या फोनवर ठेवायला दे.

म्हणजे ओघानेच आलं की कुणाला तरी सांगावं लागेल. मला लिहिलंस, हे पहिलं पाऊल टाकलंस. पण मी कागदावरची मावशी. तुला शेजारी बसणारं माणूस हवं.

आता पेन्सिल. पत्रात जिथे जिथे तू हिरमुसलीस तिथे मी फुली मारत गेले, आणि जिथे तुझं वाक्य जरा उजळलं तिथे टिंब. तो हात सोडून बाकी सगळ्याचा हा हिशेब. फुल्या पडल्या रांगेवर, सहीवर, हॉलवर, मूर्तीवर. टिंबं पडली पोरांनी जागून केलेल्या पंखांवर, बर्थच्या कडेला बसून काढलेल्या रात्रीवर (हो, तिथेही! त्या ओळीत तुझा अभिमान लपत नाही), जिन्याखालच्या दीड तासावर, चेन्नईच्या मुलावर. मग कागद लांब धरून बघितला. फुल्या सगळ्या अशा जागी होत्या जिथे तू काहीतरी घ्यायला उभी होतीस. टिंबं तिथे, जिथे तुझे हात कामात होते किंवा तुझ्यासाठी कुणाचे तरी हात कामात होते.

माझं एक सांगते. १९८४ साली मी बावीस वर्षांची होते. संगीत नाटकातल्या एका गायक-नटाच्या मी इतकी आहारी गेले होते की त्याच्या पदांच्या जागा मला झोपेत पाठ होत्या. पणजीत त्याचा प्रयोग होता. म्हापशाहून एकटी गेले, प्रयोग संपल्यावर नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी वही घेऊन उभी राहिले. तो आला. दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता त्याने वही घेतली, वाण्याच्या हिशेबाच्या पानावर सही केली आणि वही माझ्याकडे न बघता मागे धरली. मी त्याच्यासाठी एक वाक्य पाठ करून गेले होते. ते तोंडातच राहिलं. शेवटची बसही चुकली. रडत उभी होते तर शेजारी डिचोलीची एक मुलगी, तिच्याही हातात वही. तिचे मामा तिथेच पणजीत, सांतिनेजला राहायचे. त्या रात्री आम्ही त्यांच्या पडवीत चटईवर बसून येत होती तेवढी सगळी पदं म्हटली. रेडिओवर ऐकून ऐकून तिने चाळीसेक पदं उतरवून घेतली होती. ती वही तिने मला नकलायला दिली.

सहीची वही कुठे गेली मला आठवत नाही. पदांची वही कपाटात आहे. आणि ती डिचोलीची मुलगी दर चवथीला, गणपतीत, माझ्याकडे येते, आता नातवंडांना घेऊन.

त्या नटावर मी वर्षभर रागावले होते. आता नाही. तीन तास गाऊन दमलेला माणूस होता तो. तुझ्या आवाज-कलाकारासमोर त्या दिवशी किती चेहरे येऊन गेले असतील! पंधरा सेकंदांच्या हिशेबाने बसवलेला माणूस पंधरा सेकंदच देऊ शकतो. त्याच्या आवाजाने तुला इतकी वर्षं जे दिलं, ते त्या टेबलापाशी काही कमी झालेलं नाही. फक्त अडीच हजार रुपये देऊन ते त्याहून जास्त होणार नव्हतं, हे आता तुला कळलं.

टोकियोमध्ये डिसेंबर १९७५ मध्ये 'कॉमिक मार्केट' नावाचं एक संमेलन सुरू झालं. पहिल्या खेपेला हौशी कॉमिक्सवाल्यांची ३२ मंडळं आणि साधारण ७०० माणसं. आज तिथे लाखोंनी लोक लोटतात. त्यांची सुरुवातीपासूनची एक धारणा मला फार आवडते: तिथे कुणालाही गिऱ्हाईक म्हणत नाहीत. टेबल मांडून बसलेला, विकत घ्यायला आलेला, रांग सांभाळणारा स्वयंसेवक, सगळे सारखेच सहभागी. म्हणजे सगळ्यांवर सारखीच जबाबदारी. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्लीत मोठं संमेलन झालं आणि मग इतर शहरांत ती सुरू झाली. त्यांची घडण मात्र बरीचशी प्रदर्शनासारखी राहिली: तिकीट, स्टॉल, पाहुणा, रांग. आत पाऊल टाकताच तुला गिऱ्हाईक करून टाकायची तिथे सगळी सोय असते. तू जिन्याखाली बसलीस तेवढा वेळ ती सोय नाकारलीस.

आणि या वेडाची सुरुवातच मुळी सुई-दोऱ्याने झाली आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, दोनेकशे माणसांचं. तिथे भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून दोघं जण आले होते, फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस. पुढे बरीच वर्षं नाव झालं ॲकरमनचं. दोघांचेही कपडे बेतले आणि शिवले होते मर्टलने. माझ्या मते आजच्या प्रत्येक कॉस्प्लेवालीची थोरली आजी ती. त्याच संमेलनात, आपसातल्या भांडणापायी, सहा चाहत्यांना दारातच अडवून परत पाठवलं होतं. म्हणजे बघ, पहिल्याच दिवशी कुणाचं सोनं झालं आणि कुणी फुटपाथवर उभे राहिले. तू एकाच वेळी दोन्ही अनुभवून आलीस.

चेन्नईच्या त्या मुलाला तू काही बोलली नाहीस, याची मला खरी हळहळ वाटली. तुला माहीतच असणार, पण इतर वाचकांसाठी सांगते: थोर गायिका केसरबाई केरकर १८९२ मध्ये याच केरीत जन्मल्या. १९७७ मध्ये अमेरिकेची व्हॉयेजर ही दोन अवकाशयानं सुटली, त्या दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरचे आवाज आणि पृथ्वीवरचं संगीत, कधी कुणाला सापडलंच तर ऐकायला. त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. अवकाशवेड्या पोरांना ही यादी तोंडपाठ असते. त्या मुलासाठी केरी हे चित्रातलं गाव होतं, आणि त्या गावची मुलगी पाठीला पंख लावून समोर बसून त्याचं काहीतरी चिकटवत होती! त्याच्या त्या दिवसाचा सर्वात मोठा पाहुणा तू होतीस. त्याचा नंबर, निदान इन्स्टाचं नाव घेतलं असशील तर आजच लिही त्याला. काय लिहायचं सुचत नसेल तर गावाचे चार फोटो पाठव.

मन लागत नाही म्हणतेस, त्याबद्दल. ताप-खोकल्याचं नवल नाही. बंद एसी हॉल, हजारो माणसं, दोन रात्रींची झोप नाही, पोटात धड अन्न नाही. नेमाने जाणारी मंडळी त्याला 'कॉन क्रड' म्हणतात, आणि नंतरच्या उदासीला 'कॉन ड्रॉप'. आपल्याला ही उदासी ओळखीची आहे. चवथीचं विसर्जन करून घरी यावं, आणि माटोळीखालचा, म्हणजे फळा-पानांच्या छताखालचा, चौरंग रिकामा दिसावा. दोन दिवस घर खायला उठतं. पण ते दोन दिवस असतं, फार तर आठवडा. तुला तीन आठवडे झालेत. मला वाटतं तुझ्या या उदासीत संमेलन थोडं आहे आणि तो हात जास्त आहे. तू त्याच्याबद्दल कुणाशी बोलत नाहीस, म्हणून ते सगळं ओझं बिचाऱ्या पंखांवर काढलंस. जेवण-झोप बिघडली असेल, कामावर जाववत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे, फोन फुकट असतो. नाहीतर बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन ये. तिथे जायला वेडं व्हावं लागत नाही, आणि हे मी स्वतः जाऊन आलेली बाई म्हणून सांगते.

आता आई. आईचं वाक्य लागलं तुला, पण त्यात एक खरी तक्रार आहे. गावच्या जत्रेला तू जात नाहीस. जत्रेत काल्याला, नाटकाला वाड्यावरचेच पुरुष तोंडाला रंग लावून उभे राहतात, ते तिने जन्मभर बघितलं आहे. वेश करणं म्हणजे काय, हे तुझ्या आईला मुंबईच्या कुठल्याही आयोजकापेक्षा जास्त कळतं. तू मात्र तिला नुसतं 'कॉनला जाते' एवढंच सांगितलं असणार, आणि तिला ऐकू आलं असेल पैसे आणि रात्रीची गाडी. तिला पंख खाली काढून दाखव. कुठली कामटी निसटली, कशी बसवली, ते दाखव. साडेअठरा हजारांचा हिशेबही कागदावर मांडून दे, अडीच हजारांच्या सहीसकट, काहीही न लपवता. पैशांचं बोलणं तेवढ्यावर संपेल असं मला वाटतं. पैसे तुझे आहेत.

हाताचं आईला सांगायचं की नाही? मी असते तर सांगितलं असतं, पण लगेच नाही. तुला भीती असेल की ती म्हणेल, आता कुठे जायचं नाही. ती म्हणेलही. पहिल्या दिवशी आया हेच म्हणतात, कारण त्यांना दुसरं काही करता येत नाही. म्हणून आधी आयोजकांना ईमेल लिही, दादाला सांग, आणि मग आईपाशी बस. असं झालं, मी हे हे केलं आहे, आता तू फक्त ऐक, असं सांग. नुसतं झालेलं सांगितलंस तर तिला तुला घरात ठेवण्यापलीकडे मार्ग दिसणार नाही. काय केलंस तेही सांगितलंस तर तिला तुझ्या बाजूला उभं राहायला जागा मिळेल. कदाचित तीही तुला तिच्या तरुणपणातलं काहीतरी सांगेल. आपल्याकडे जत्रेच्या गर्दीत कुणाला कधी नको तिथे हात लागला नाही, अशी बाई मला अजून भेटायची आहे.

तर पुढच्या वर्षी जायचं का? जा. पण वेगळी होऊन जा. दोनऐवजी एकच दिवस. पैसे भरून सही नको. एक कार्यक्रम आधीच निवड आणि त्याच्या हॉलपाशी तासभर आधी जाऊन बस. बाकीचे हुकले तर हुकू देत. दादाला बरोबर ने. राखणदार म्हणून नको नेऊस, पंखांचा कारागीर म्हणून ने, त्याचीही ओळख तिथे त्याच नावाने करून दे. एकटी असताना कुणी फोटो मागितला तर उभं कसं राहायचं ते आधीच ठरवून ठेव: पंख पूर्ण उघडायचे. एवढे पंख उघडल्यावर कुणाला तुझ्या कमरेपर्यंत यायचं तर आधी विचारावं लागेल. तरीही कुणी आगाऊपणा केला तर तिथल्या तिथे मोठ्या आवाजात "हात काढा" म्हणायचं, मराठीत म्हटलं तरी मुंबईत कळतं. ११२ नंबर फोनमध्ये असू दे. गाडीत पंख अख्खे नेऊ नकोस. कामट्या सांध्यापाशी सुट्या होतील असे करून घे. नरकासुराचे हात ट्रकमधून नेताना पोरं जसे खिळ्या काढून सुटे करतात तसे. जपानमध्ये त्या टोकियोच्या संमेलनाला घरून वेश घालून येऊच देत नाहीत, तिथे जाऊनच बदलावा लागतो. तूही तसंच कर, लोकलच्या गर्दीत पंख आणि तू दोघंही वाचाल. पायात नवे बूट नकोत. आणि डबा ने, बाय. आत पाण्याची बाटली किती रुपयांना मिळते ते तू बघून आलीच आहेस.

एक मात्र खास करून कर. परदेशातल्या मोठ्या संमेलनांत कॉस्प्ले दुरुस्तीचं टेबल असतं. स्वयंसेवक ग्लू गन, सुई-दोरा, सेफ्टी पिना घेऊन बसतात आणि ज्याचं तुटलं त्याचं जोडून देतात. तू जिन्याखाली तेच करत होतीस, कुणी न सांगता. आयोजकांना महिनाभर आधी विचार, आम्ही दोघं भाऊ-बहीण गोव्याहून येतो, असं टेबल चालवतो, जागा द्याल का? नाही म्हणाले तर जिना आहेच.

आणि वर्षभर मुंबईची वाट का बघायची? अमेरिकेत सॅन डिएगोचं जे संमेलन आज लाखाच्या वर माणसं ओढतं, ते मार्च १९७० मध्ये एका दिवसाचं, शंभरेक जणांचं होतं. फोंडा, मडगाव, म्हापसा धरून तुझ्यासारखी दहा-बारा पोरं नक्की निघतील. दिवाळीआधी वाड्यावर नरकासुर बांधायला मांडव घालतातच. एका रविवारी दुपारी तुम्ही तिथे जमा. पोरं तुमच्याकडून फोम कापायला शिकतील, तुम्ही त्यांच्याकडून कामट्या वाकवायला आणि कागदावर खळ चढवायला. तिकीट नको, पाहुणा नको. चहा आणि पातोळ्यांचं तुझी आई बघेल, तिला आधी विचार मात्र. मलाही बोलवा. मला ॲनिमेतलं काही कळत नाही, पण पंख बघायचे आहेत.

त्यांनाच आधी खाली काढ. माळा पत्र्याखाली किंवा कौलांखाली असेल तर उन्हाळ्यात तिथे इतकं तापतं की ग्लू गनचा चीक मऊ पडतो आणि सांधे सुटतात, आणि पावसात बुरशी धरते ती वेगळीच. फोमवर वजन पडलं तर तो दबलेलाच राहतो, म्हणून वर काही ठेवू नका. पंख सुटे कर, जुन्या धोतरात नाहीतर साडीत सैल गुंडाळ, कामट्यांना वाळवी लागू नये म्हणून मध्ये कडुलिंबाचा वाळला पाला घाल आणि पलंगाखाली आडवे ठेव. उजव्या पंखाची कामटी निसटली होती ती नुसत्या चिकावर सोडू नकोस, दादाला सांगून तिला सुतळीचे दोन वेढे घालून घे.

– मावशी